काचेच्या दाराआडचा डॉक्टर

१

रविवारी दुपारी बाबा गेले आणि बुधवारी सकाळी रुग्णालयाने दोन्ही मुलांना बोलावून सांगितलं, की गुन्हेगार सापडला आहे.

गुन्हेगार अधीक्षक बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. पांढरा गणवेश, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात घट्ट. थोरली मुलगी समोरून गेली तेव्हा ती अर्धवट उठली, काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि पुन्हा बसली. धाकट्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खोलीत अधीक्षक बाई होत्या आणि शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. त्यांना इथे सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, जणू त्या इमारतीत दुसरा सर नव्हताच.

“तुमच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन उत्तम झालं होतं,” सर म्हणाले. “मीच केलं. पण त्यांच्या रक्तात वेदनाशामकाचं प्रमाण हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट सापडलंय. हे औषध जास्त झालं की माणूस गाढ झोपतो आणि झोपेत श्वास मंदावत जातो. सिस्टर म्हणतात, एकच इंजेक्शन दिलं. रक्त काही खोटं बोलत नाही.”

“आणि डॉक्टर?” थोरलीने विचारलं.

“वॉर्डात नव्हते. सकाळच्या दोन निवासी डॉक्टरांचे तास दुपारी बारालाच संपले. रविवारचे डॉक्टर खाली अपघात विभागात अडकले होते.” त्यांनी टेबलावरचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्यावर इमारतीचा नकाशा होता आणि नकाशात मोजके हिरवे ठिपके. “थकलेला डॉक्टर रुग्णाला धोकादायक. म्हणून आम्ही तासांची मर्यादा नुसती जाहीर केली नाही, ती दारांनाच शिकवली. वॉर्डाचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, आतूनही नाही अन् बाहेरूनही नाही. डॉक्टरचे तास भरले की त्याचं कार्ड बंद पडतं. फक्त बाहेर जाताना एकदा चालतं. पुरेशी विश्रांती झाल्याखेरीज परत आत येताच येत नाही. बारानंतर तुमच्या वडिलांच्या वॉर्डाच्या दाराला फक्त सिस्टरचं कार्ड लागलंय.”

“म्हणजे तीच,” धाकटा म्हणाला. त्याच्या खिशात पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार होती. खाली दोन सह्यांची जागा होती, एक झाली होती.

“आपण काय करता?” सरांनी थोरलीला विचारलं.

“लिफ्ट तपासते. अपघात झाला की चौकशीला जाते.”

“मग यंत्राची भाषा तुम्हाला वेगळी सांगायला नको.”

नको होतीच. दाराची भाषा तिला चांगली कळत होती, म्हणूनच तिला ती तपासून पाहायची होती. ती अधीक्षक बाईंकडे वळली. “तुमचा अहवाल कधी जाणार?”

“आज संध्याकाळी.”

“तोवर मला वॉर्डात जरा फिरू द्या. सही मी त्यानंतर करेन.”

“कशाला?” सर म्हणाले. “उगाच मनाला त्रास.”

अधीक्षक बाईंनी आपलं कार्ड गळ्यातून काढलं आणि थोरलीच्या हातात दिलं.

वॉर्डात बाबांच्या खाटेवर नवी चादर होती, उशाशी वेदनाशामकाचा जुना पंप, नुसतं एक बटण, आकडा दाखवणारं काही नाही; माणूस अजून यायचा होता. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ कोपरावर उठून बसले.

“मुली, इकडे ये. मी तीन दिवस ओरडतोय, कोणी ऐकत नाही. तुझे बाबा गेले तेव्हा त्यांच्यापाशी डॉक्टर होता. मग तो दार बडवत होता.” त्यांनी आवाज खाली आणला. “आतून.”

२

म्हातारे निवृत्त वकील होते. सगळा वॉर्ड त्यांना वकीलकाका म्हणे आणि त्यांच्या वाटेला जात नसे.

“हे म्हणतात मला भास झाला. औषधामुळे. अहो, औषध पायाला दिलंय, डोळ्यांना नाही! उलटतपासणी घे माझी, घे.”

“घेते,” थोरली खाटेच्या कडेला बसली. “डॉक्टर दारातून येताना पाहिलात?”

“नाही.”

“मग आला कुठून?”

“तिथून.” काकांनी वॉर्डाच्या टोकाकडे बोट केलं. तिथे न्हाणीघर होतं आणि त्याला लागून एक अरुंद दार. “तुझ्या बाबांचा श्वास कसातरी यायला लागला. एक आला की दुसरा येतोय की नाही अशी वाट बघायची वेळ. घंटी दाबली. ती वाजते त्या टेबलाशी, आणि टेबलाशी कोणी नाही, कारण सिस्टर एक आणि वॉर्ड दोन. मग मी कोर्टात लावायचो तसा आवाज लावला. तेव्हा तो धावत आला. केस उभे, पायांत नुसते मोजे.”

“मोजे?”

“बूट नाहीत. डॉक्टर बुटांशिवाय ड्यूटीवर येतो का कधी? हे मी सरांना म्हटलं, तर ते म्हणाले, काका, विश्रांती घ्या. अरे, विश्रांतीच घ्यायला आणलंय ना मला इथे?”

“पुढे?”

काकांचा चढलेला स्वर उतरला. “नाडी पाहिली. हाका मारल्या. मग दाराकडे पळाला. बाहेर पॅसेजमध्ये ती लाल गाडी दिसते ना, तातडीच्या औषधांची? दोन वॉर्डांत मिळून एकच. तिच्याकडे बोट करत काच बडवत होता. परत खाटेपाशी, परत दाराशी. शेवटी सिस्टर पलीकडून धावत आली, तिने उघडलं. पण तोपर्यंत...” त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं. “तुझे बाबा शांत होते. त्यांना काही कळलं नाही. हे मी शपथेवर सांगेन.”

थोरलीने मान हलवली. रविवारी सकाळी बाबांनी तिला बळेच घरी पाठवलं होतं, जा, अंघोळ करून ये, तोंड बघ आरशात. ती गेली होती. त्यावर विचार करायला पुढे आयुष्य पडलं होतं. आत्ता तिच्यासमोर एक साधा, भयंकर प्रश्न होता. दार फक्त कार्डाने उघडतं, डॉक्टरचं कार्ड लागलं नाही, आणि डॉक्टर आत होता.

आणि त्याहून वाईट, सिस्टरने त्याला पाहिलं होतं. नोकरी चालली, तुरुंग समोर दिसतोय, तरी ती त्याचं नावही काढत नव्हती.

३

अरुंद दाराआड चादरींची खोली होती. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, घोंगड्या. वरच्या फळ्या इतक्या ठासून भरलेल्या, की एक चादर ओढली तर ढीग अंगावर यावा. सगळ्यात खालची फळी मात्र रिकामी होती. माणसाच्या लांबीची.

थोरली वाकली. फळीच्या टोकाला गुंडाळलेली घोंगडी होती आणि तिच्यात डोक्याएवढा खळगा. मागे बिस्किटांचे रिकामे पुडे, एक टूथब्रश. तिने ब्रशला बोट लावलं. तो ओला होता.

रविवारला तीन दिवस झाले होते.

ती बाहेर आली, खाली गेली आणि बाकावर सिस्टरच्या शेजारी बसली.

“इंजेक्शन एकच दिलंत ना?”

“एकच.” सिस्टरचे डोळे कोरडे होते. “दुपारी द्यायचं होतं. स्क्रीनवर आधी काही दिल्याची नोंद नव्हती. तुमचे बाबा गाढ झोपले होते. मला वाटलं, बरं झालं, दुखायचं थांबलं. मी... झोपेतच दिलं. थांबून श्वास मोजायला हवे होते. पलीकडच्या वॉर्डात एकाला उलट्या होत होत्या. मीच मारलं हो त्यांना.”

“एका इंजेक्शनने रक्तात दुप्पट औषध येत नाही.”

सिस्टरने नजर खोलीच्या बंद दाराकडे वळवली.

“दार तुम्ही कोणासाठी उघडलंत?”

“कोणासाठी नाही.”

“सिस्टर, मी चादरींची खोली पाहून आलेय.”

सिस्टर तिच्याकडे वळली. “मॅडम, तुमच्या पाया पडते, ते विचारू नका. तुमचं दुःख मोठं आहे, पण वरच्या वॉर्डात आत्ता ऑपरेशन झालेली माणसं आहेत. ती खोली बंद झाली, तर त्यांना बघायला कोण आहे?”

म्हणजे खोली एक नव्हती.

४

रविवारी बाराला बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक डॉक्टर मुलगी होती. जाड भिंगांमुळे तिचं नाव चष्मेवाली पडलं होतं. ती उपाहारगृहात उभ्याउभ्या चहा ढोसत होती.

“पाच मिनिटं आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली. “तुमच्या बाबांचं फार वाईट वाटतं. पण मी बारालाच गेले होते. मशीनला विचारा.”

“तुमच्याबरोबरचा डॉक्टर?”

“कोण, बॅटरी? तोही गेला.” जीभ चावून ती कसनुसं हसली. “सॉरी. आम्ही त्याला बॅटरी म्हणतो. कधी उतरतच नाही.”

“दोघं बरोबर बाहेर पडलात?”

“हो. एकापाठोपाठ.”

“तो कुठल्या दिशेला गेला?”

साधा प्रश्न होता. चष्मेवालीने चहाचा घोट घेतला, तो जरा जास्तच लांबला. “लक्षात नाही.”

चहावाल्याने सुटे मागितले. तिने अ‍ॅप्रनच्या खिशात हात घातला, पैशांबरोबर कार्डाची निळी फीत बाहेर लोंबली आणि तिच्यात गुंतलेली आणखी एक निळी फीत. तिने दोन्ही घाईने आत कोंबल्या. गळ्यातली तिसरी जागच्या जागी होती.

थोरलीला एका जुन्या इमारतीतली लिफ्ट आठवली. दार उघडं असलं की लिफ्ट हलू नये म्हणून दाराला खटका असतो. तो खटका बिघडला, दुरुस्तीला माणूस मिळेना आणि रहिवाशांचा आरडाओरडा थांबेना, तेव्हा तिथल्या मिस्त्रीने खटक्याच्या दोन टोकांना तार जोडून दिली. लिफ्टला वाटायचं, दार बंद आहे. लिफ्ट उघड्या दाराने महिनोन्‌महिने झकास चालली, एका दुपारपर्यंत. चौकशीत तसलीच तार मिस्त्रीच्या खिशातून अशीच लोंबताना दिसली होती.

“तुम्ही एकट्या बाहेर पडता,” ती हळूच म्हणाली, “आणि दाराला वाटतं तिघं गेले.”

चष्मेवालीने कप टेबलावर ठेवला.

“आम्ही एकमेकांची कार्डं पाळीपाळीने नेतो,” ती म्हणाली. “मागच्या आठवड्यात माझं त्याने नेलं होतं. आज आणखी एकीचं आहे. पूर्वी इतकीच माणसं दुप्पट तास राबायची. मर्यादा आली, तास निम्मे झाले, माणसं तेवढीच राहिली. रुग्ण काय निम्मे झाले का हो? सर ऑपरेशनं तितकीच लावतात. संध्याकाळी फेरी संपली की खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘तू आहेस ना? मग मी निश्चिंत.’ थांब असं ते कधीही म्हणत नाहीत. एकदाही नाही.”

“बॅटरी आत्ता कुठे आहे?”

चष्मेवालीने चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्ही चादरींच्या खोलीत गेलात, तेव्हा न्हाणीघरात कोणी आहे का पाहिलंत?”

५

तो फळीवरच बसलेला सापडला, बूट घालत. वय कोवळं, दाढी वाढलेली. थोरलीला पाहून उठायला गेला आणि वरच्या फळीवर डोकं आपटलं. कळवळलासुद्धा नाही.

“मी तुमच्या पेशंटची मुलगी.”

“माहीत आहे. तुमचा चेहरा त्यांच्यासारखा आहे.” तो पुन्हा बसला. “बरं झालं आलात.”

“मी सांगते. चुकलं तर थांबवा,” ती दारातच उभी राहून म्हणाली. आवाज तिने चौकशीत ठेवायची तसा सपाट ठेवला होता. “तुम्ही रविवारी आत आला नाहीत, कारण बाहेर गेलाच नव्हता. दार येणाऱ्याजाणाऱ्याला मोजतं. जो हलतच नाही त्याला मोजत नाही.”

“शुक्रवारपासून माझं कार्ड दोनदा घरी जाऊन आलं,” तो म्हणाला. “मी नाही गेलो.”

“बाबा कण्हत होते. तुम्ही त्यांच्या औषधाच्या पंपाचं बटण दाबून जादा डोस दिलात. पंप जुना आहे, किती वेळा दाबलं ते लक्षात ठेवत नाही. आणि तुम्ही लिहिलं नाहीत, कारण कार्ड लावल्याखेरीज कॉम्प्युटर लिहू देत नाही.”

“सिस्टरना तोंडी सांगणार होतो. नेहमी तसंच करतो. त्या पलीकडे होत्या. म्हटलं, येईपर्यंत जरा टेकू.” तो फळीकडे पाहत होता. “टेकलो, एवढंच आठवतं.”

“सिस्टर आल्या, नोंद दिसली नाही, त्यांनी ठरलेलं इंजेक्शन दिलं. दोन डोस झाले. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचा माहीत नाही. त्यांना वाटतं त्यांनी मारलं. आणि तीन दिवस तुम्ही त्यांना तसं वाटू दिलंत.”

त्याने मान खाली घातली. “मी बोललो तर सगळ्यांची कार्डं बाहेर येतील, असं सर म्हणाले.”

“सर म्हणाले? म्हणजे त्यांना ठाऊक होतं.”

“रविवारी संध्याकाळीच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, घरी जा, झोप. पण जाताना विचारलं, उद्याच्या ऑपरेशनांना आहेस ना?”

खोलीत कपड्यांचा उबट वास होता. थोरलीने एक प्रश्न शेवटपर्यंत मागे ठेवला होता. तो आता तिने विचारला.

“दाराशेजारी भिंतीवर आगीचा लाल डबा आहे. त्याची काच फोडली की सगळी दारं उघडतात. तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर. का नाही फोडलात?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजर रोखलेली होती, पण कुठे पोचत नव्हती.

“दिसला नाही,” तो म्हणाला. “मला फक्त दार दिसत होतं. खरं तर दाराकडेही जायला नको होतं. तोंडाने श्वास देत त्यांच्यापाशी थांबायचं, घंटी दाबत राहायची. पहिल्या वर्षाचं पोरही हेच करेल. मी ते इतरांना शिकवतो. त्या दिवशी डोक्यात एकच गोष्ट शिरली होती, लाल गाडी, आणि दुसरीला जागाच नव्हती.” मग त्याने विचारलं, “मला पोलिसांत कधी जायचंय?”

तिला त्याचा राग आला, आणि आला म्हणून बरंही वाटलं. पण राग त्याच्यावर येऊन थांबेना. तो त्याच्या खांद्यावरून पुढे जाऊ पाहत होता, जिथे कोणीतरी हात ठेवला होता.

“चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

६

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सिस्टर आणि बॅटरी भिंतीशी उभे होते. बॅटरीच्या डोसाचं ऐकल्यावर सिस्टरने तोंडावर हात दाबला होता, तो अजून तसाच होता.

“वाईट झालं,” सर म्हणाले. “एक भावनाप्रधान मुलगा, नियम मोडून थांबला. सिस्टर निर्दोष आहेत, त्यांचं नाव काढून टाकू. याच्यावर मी स्वतः कारवाई करतो. शेवटी मर्यादा त्याने मोडली, संस्थेने नाही.”

धाकट्याने तक्रार बाहेर काढली. “म्हणजे आता याचं नाव घालू?”

“घाला,” सर म्हणाले.

किती सोपं होतं ते. एक नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, आणि दारं तशीच चालू. थोरली स्क्रीनकडे पाहत होती.

“आत्ता तुमच्या वॉर्डांमध्ये किती डॉक्टर आहेत?”

“जितके ठिपके तितके.” मोजायला एक हात पुरला असता.

“अधीक्षक बाई, आगीची घंटा न वाजवता वॉर्डांची दारं उघडता येतात?”

“नियंत्रण कक्षातून येतात.”

“ऐकून घ्या,” सर पटकन म्हणाले. “रुग्णांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”

“तोच आहे,” अधीक्षक बाई म्हणाल्या आणि फोन उचलला. मग वॉर्डावॉर्डांतल्या टेबलांवर निरोप गेला, एकाच वाक्याचा. दारं उघडी आहेत, ज्यांना बाहेर पडायचंय त्यांनी पडावं, कार्ड लागणार नाही.

खिडकीखाली अंगण होतं, फरसबंदी, मध्ये पाण्याची टाकी. बराच वेळ तिथे काही हललं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. “समाधान झालं?”

तेवढ्यात खालच्या दारातून एक मुलगी आली. हिरवा सदरा, पायांत मोजे. उन्हात येताच तिने डोळ्यांवर हात धरला. तिच्यामागून एकजण भिंत धरत आला. मग दोघं. मग पलीकडच्या दारातून आणखी. कोणाच्या गालावर घडीची वळी उमटली होती, कोणाच्या हातात टूथब्रश होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एक उंच मुलगा टाकीला टेकला आणि उभ्याउभ्या झोपला.

स्क्रीनवरचा एकही ठिपका हलला नव्हता. खाली अंगण भरत चाललं होतं.

“बाप रे,” धाकटा पुटपुटला. “ताई, हे सगळे घरी आहेत?”

“कार्डं आहेत,” ती म्हणाली.

सर उठून पडदा ओढायला गेले. अधीक्षक बाईंनी त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. “बसा,” त्या म्हणाल्या. सरांना इथे कोणी असं सांगितल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. ते बसले.

धाकट्याने टेबलावरचं पेन घेतलं आणि सिस्टरच्या नावावर रेघ मारली. “कोणाचं लिहू?”

“सरांचं. पदासकट लिही. याने काय केलं तेही लिही, काही गाळू नको. तो स्वतः सांगायला तयार आहे. आणि खाली हेही लिही, की हे अंगण आम्ही पाहिलं.” तिने कागद ओढून घेतला आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, बाबांनी शिकवलेल्या वळणाची.

“मॅडम,” सिस्टर म्हणाली. ती खिडकीपाशी गेली होती. “हे सगळे बाहेर आले. मग आत कोण आहे?”

अधीक्षक बाईंनी फोन पुन्हा उचलला आणि बाहेरच्या रुग्णालयांचे नंबर लावायला सुरुवात केली. डॉक्टर हवेत, आत्ता, जितके असतील तितके. बॅटरी नकळत दाराकडे वळला. थोरलीने त्याचा दंड धरला.

“तू नाही,” ती म्हणाली.

खाली अंगणात मोज्यांतल्या मुलीने डोळ्यांवरचा हात काढला, एकदा वर आभाळाकडे पाहिलं, आणि कोणी न बोलावताच उघड्या दारातून परत आत गेली. तिच्यामागोमाग बाकीचेही, एकेक करून. टाकीशी झोपलेल्याला मात्र कोणी उठवलं नाही.